राणी बसते, पण टिकत नाही: मेलिफेराच्या पेटीत वारंवार होणारा राणीबदल

मेलिफेरा ही बाहेरून आणलेली, पेटीत पाळली जाणारी मधमाशी. तिच्या राण्या काढणाऱ्या मधपाळांची तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. ग्राफ्टिंग (म्हणजे कोवळ्या अळ्या सुईने उचलून राणीघरासाठीच्या वाट्यांत ठेवणं) चांगलं झालं, तीसपैकी वीस-बावीस वाट्या माश्यांनी घेतल्या, राण्या निघाल्या, अंड्यावर आल्या म्हणजे अंडी घालू लागल्या, पेट्यांत दिल्या. महिनाभर सगळं सुरळीत चालतं. मग फ्रेमवर मधेमधे रिकामी घरं दिसू लागतात, ब्रूड (अंडी, अळ्या आणि कोष) विरळ होतं आणि एखाद्या तपासणीत फ्रेमच्या मध्यावर एक-दोन लांबोडकी राणीघरं लटकलेली सापडतात. पेटीने राणी बदलायला घेतलेली असते. पुढच्या हंगामात नव्या राण्या काढल्या, तरी पुन्हा तेच.

यावर बहुतेक मधपाळ नवी सुई मागवतात. मग भिंग येतं, मग प्लॅस्टिकच्या वाट्या जाऊन मेणाच्या येतात. शेवटी ‘आपली जातच उतरली’ असं ठरवून उत्तरेकडून राण्या विकत आणल्या जातात. त्या एप्रिलच्या उन्हात पार्सलमध्ये शेकून येतात आणि त्यांचीही गत तीच होते.

माझं म्हणणं असं, की वाट्या नीट घेतल्या जात असतील तर हाताला दोष देऊ नका. हात चुकला तर वाटी रिकामी राहते आणि ते दुसऱ्याच दिवशी कळतं. दोन महिन्यांनी उघडी पडणारी चूक सहसा ग्राफ्टिंगच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत झालेली असते, नाहीतर राणी उडायला लागल्यानंतरच्या पंधरवड्यात. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या पट्ट्यात तर त्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत, कारण इथलं पीक, इथली फवारणी आणि पेट्यांचं स्थलांतर यांचं वेळापत्रकच तसं आहे.

खाली लिहिलंय ते मेलिफेराबद्दल. सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी माशीचं, गणित वेगळं आहे, ते शेवटी.

आधी फ्रेम वाचा

ऊन पाठीवर घ्या आणि ब्रूडची फ्रेम अशी धरा की घराच्या तळापर्यंत उजेड जाईल. नुसतं ‘ब्रूड विरळ आहे’ म्हणून भागत नाही. विरळ कुठल्या टप्प्यावर झालं, हे बघायचं.

घराघरात एकेक अंडं नीट तळाला उभं आहे, पण अळ्यांच्या पट्ट्यात मात्र जागोजागी घरं रिकामी आहेत, असं दिसलं तर राणी अंडी पुरेशी घालते आहे. अळ्या नाहीशा होताहेत. हे बहुधा नात्यातल्या संकराचं लक्षण, त्याबद्दल पुढे.

अंड्यांच्याच पट्ट्यात खंड असेल तर राणी कमी पडते आहे. पण त्याआधी एक बघा: तिला अंडी घालायला जागा आहे का? फुलोरा जोरात असताना माश्या खालच्या कोठीतही मकरंद भरून टाकतात आणि राणी बिचारी कोपऱ्यात फिरत राहते. मधकोठी वेळेवर चढवली नाही की चांगल्या राणीचीही बदनामी होते.

कामकरीच्या घरांवर गोळीसारखी फुगीर झाकणं दिसली तर तिथे नर वाढताहेत. राणीजवळचा शुक्रसाठा संपला आहे किंवा तो मुळातच पुरेसा भरला नव्हता.

झाकणं खचलेली, भोकं पडलेली, आत मेलेली अळी किंवा अर्धवट कोष असेल तर राणीला बाजूला ठेवा आणि व्हरोवा कोळी (माशी आणि ब्रूडवर जगणारा परजीवी) किंवा रोग तपासा. हा गुन्हा तिचा नसतो. अशा पेटीत राणी बदलून काही हाती लागत नाही, उलट ब्रूडमध्ये खंड पडून पेटी आणखी खाली जाते.

नवी राणी अंड्यावर आल्यावर पहिले काही दिवस एका घरात दोन अंडी घालू शकते. त्यावरून निकाल देऊ नका. तिचं पहिलं ब्रूड झाकलं जाऊन त्यातून माश्या निघू लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, तिला न्यूक्लियस पेटीतच (थोड्या माश्यांच्या छोट्या पेटीत) राहू द्या. आठवड्याभरात पिंजऱ्यात घालून विकलेली किंवा दुसऱ्या पेटीत दिलेली राणी नाकारली जाण्याची शक्यता जास्त असते. पोटातलं अंडाशय पूर्ण भरायला आणि तिचा गंध पक्का व्हायला वेळ लागतो. हंगामात न्यूक्लियस पेट्या कमी पडतात म्हणून सगळ्यांनाच ही घाई होते, हे मान्य. पण घाईतली राणी स्वस्त पडत नाही.

रिकामी राणीघरं फेकू नका

राणी निघून गेली की लोक ती राणीघरं खरवडून मेणाच्या डब्यात टाकतात. तसं करण्याआधी घर उभं कापा आणि तळाला बघा. तिथे सुकत आलेल्या राजान्नाचा (राणीच्या अळीला माश्या भरवतात त्या खाद्याचा) घट्ट थर उरला असेल तर त्या अळीला खायला मुबलक मिळालं होतं, तिने खाऊन वर उरलं. तळ कोरडा, चाटून-पुसून साफ केलेला असेल तर ती अळी उपाशी वाढली. अशी राणी दिसायला कधीकधी चांगली लांब असते, पण तिच्या अंडाशयात नळ्या कमी असतात. चांगल्या राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेच्या वर नळ्या असतात, त्या अळीपणीच ठरतात आणि नंतर कितीही साखरपाक पाजला तरी वाढत नाहीत.

दुसरी फुकटची तपासणी म्हणजे तारीख. चोवीस तासांच्या आतली अळी उचलली असेल तर राणी ग्राफ्टिंगपासून अकराव्या-बाराव्या दिवशी निघते. नवव्या-दहाव्या दिवशीच राण्या निघायला लागल्या, तर उचललेल्या अळ्या मोठ्या होत्या. इथे फसवणूक अशी होते, की दीड-दोन दिवसांची अळीसुद्धा माश्या खुशाल घेतात. वाट्या घेतल्याचं प्रमाण छान दिसतं, पण राणी निघते ती अर्धी कामकरी. उचलायची अळी अंड्याएवढीच असावी, किंचित वाकलेली, राजान्नाच्या थेंबावर तरंगणारी. डोळ्यांना सहज दिसली तर ती बहुतेक मोठीच आहे.

वयाचा अंदाज करत बसण्यापेक्षा सोपं म्हणजे निवडलेल्या राणीला ग्राफ्टिंगच्या चार दिवस आधी एका रिकाम्या, बांधलेल्या पोळ्याच्या फ्रेमवर जाळीत बंद करायचं. पोळं जुनं, तपकिरी झालेलं असलं तर राणी लवकर अंडी घालते आणि अळी उचलताना घराचा तळही फाटत नाही. चोवीस तासांनी राणी सोडायची, फ्रेम तिथेच जाळीआड ठेवायची. अंडं तीन दिवसांनी फुटतं, म्हणजे चौथ्या दिवशी त्या फ्रेमवर सगळ्या अळ्या एकाच वयाच्या मिळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे दुपारची हवा फार कोरडी असते, त्यामुळे सकाळी बंद खोलीत, पंखा बंद ठेवून काम करा आणि वाट्यांच्या पट्टीवर ओलसर पंचा टाका. अळी उचलताना उलटली तर ती टाकून द्या, परत सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

दाई माश्या: खरी अडचण बहुतेक इथेच

राजान्न बनवतात त्या साधारण पाच ते पंधरा दिवस वयाच्या कामकरी माश्या. राणीघरं वाढवणाऱ्या पेटीत माश्यांची संख्या कितीही दिसली तरी त्या जर चरायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माश्या असतील तर उपयोग शून्य. आपल्याकडे नेमकं हेच होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला रात्रीचा पारा पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातो, ब्रूड आक्रसतं, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेटीतल्या माश्या बऱ्याच अंशी जुन्या असतात. कांद्याच्या डेंगळ्यांना फुलं आली, शेवगा फुललाय, माश्या भराभर येताहेत-जाताहेत हे बघून मधपाळ ग्राफ्टिंगला बसतो. दारात गर्दी आहे म्हणजे पेटी जोरात आहे, असं त्याला वाटतं. पण दारातली गर्दी म्हणजे चरणाऱ्या माश्यांची गर्दी. दाई माश्या आत असतात, आणि त्या आहेत की नाहीत हे झाकलेल्या ब्रूडच्या हिशेबाने कळतं.

म्हणून ग्राफ्टिंगच्या आठ-दहा दिवस आधी त्या पेटीत इतर पेट्यांमधून झाकलेल्या, फुटायला आलेल्या ब्रूडच्या तीन-चार फ्रेम आणून घाला. त्यांतून निघणाऱ्या माश्या ग्राफ्टिंगच्या वेळी अगदी हव्या त्या वयात येतात. पेटी इतकी भरली पाहिजे की झाकण काढल्यावर माश्या फ्रेमांच्या वर उफाळून याव्यात.

पण ब्रूडच्या फ्रेमा आणल्या की एक धोका सोबत येतो. त्यांच्यावर कुठेतरी कोपऱ्यात अंडी किंवा लहान अळ्या असतात आणि बिनराणी पेटीत त्यांच्यावर माश्या आपलं स्वतःचं राणीघर बांधतात. ते तुमच्या वाट्यांच्या आधी फुटतं. बाहेर आलेली राणी उरलेली सगळी घरं बाजूने भोक पाडून मारते. म्हणून ग्राफ्टिंगनंतर चार-पाच दिवसांनी प्रत्येक फ्रेम माश्या झटकून बघायची. झटकताना मात्र वाट्यांची पट्टी बाजूला ठेवा, तिला धक्का लागता कामा नये. राणीघराचं झाकण टोकाला गोल कापून उघडलं असेल तर राणी नीट बाहेर आली. बाजूला भोक असेल तर तिचा खून झालाय आणि खुनी राणी पेटीतच फिरते आहे.

माझ्या पसंतीची पद्धत अशी. ग्राफ्टिंगच्या दिवशी सकाळी भरलेल्या पेटीतून राणी आणि उघड्या अळ्यांच्या फ्रेमा काढून घ्यायच्या, पराग भरलेली फ्रेम मध्याजवळ ठेवायची, काही तासांनी वाट्यांची पट्टी द्यायची. अळ्या नसल्यामुळे दाई माश्यांचं सगळं राजान्न वाट्यांकडे वळतं. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या वाट्या राणी असलेल्या दुमजली पेटीत राणीजाळीच्या (राणीला अडवणाऱ्या जाळीच्या) वर न्यायच्या आणि दोन्ही बाजूंना उघड्या अळ्यांची एकेक फ्रेम लावायची, म्हणजे दाई माश्या वर ओढल्या जातात. एका वेळी तीस-चाळीस वाट्या देण्याचा मोह टाळा. आपल्याकडच्या पेटीने पंधरा वाट्या पोटभर पोसल्या तरी खूप झालं.

पराग नसेल तर वरचं सगळं व्यर्थ. दिंडोरी-निफाडकडे दूरवर हिरवंगार दिसतं, पण द्राक्षबागेतून पेटीला फारसं काही मिळत नाही. मका आणि बाजरी सप्टेंबरात पराग देतात, पेठ-सुरगाण्याकडे ऑक्टोबरात खुरासणी फुलते, सटाणा-मालेगावकडे डाळिंबाचा आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत. नुसत्या कांद्याच्या भरवशावर राण्या काढू नका. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, दुसरं काही फुललं की माश्या तिकडे पळतात. परागाची फ्रेम नसेल तर तेलरहित सोयापीठ, यीस्ट आणि साखरेचा लगदा करून ग्राफ्टिंगच्या तीन आठवडे आधीपासून द्या. दूध पावडर घालण्याची इकडे पद्धत आहे, पण दुधातली साखर माशीला पचत नाही, तेव्हा ती घातलीच तर चिमूटभर. सोबत एकास एक साखरपाक, थोडा-थोडा आणि रोज. एकदाच भरपूर दिला तर माश्या तो साठवतात आणि राणीची जागा अडते.

नर कुठून येणार?

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नाशिक पट्ट्यात तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे, असं माझं मत.

मेलिफेरा आपल्या मुलखातली नाही. सातेरीसारखी ती झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत रानात आढळत नाही. म्हणजे तुमच्या राणीला आकाशात भेटणारा प्रत्येक मेलिफेरा नर कुणाच्या तरी पेटीतूनच उडालेला असतो. थंडीत पेट्या मोहरीसाठी राजस्थानकडे जातात. मागे राहतात दहा-वीस पेट्यांचे छोटे मधपाळ. त्यांनी त्या काळात राण्या काढल्या तर वरचं आकाश रिकामं असतं, आणि जे थोडे नर असतात ते त्यांच्याच पेट्यांतले, म्हणजे राणीचे भाऊ.

एक राणी दहा ते वीस नरांशी संग करते आणि तो साठा तिला आयुष्यभर पुरवायचा असतो. चार-पाच नरच मिळाले तर ती अंड्यावर येते, पहिला महिना छान चालते आणि साठा आटला की कामकरीच्या घरांत नर दिसू लागतात. तक्रारीतलं ‘महिनाभर सगळं सुरळीत’ बऱ्याचदा इथून येतं.

हिशेब साधा आहे. नराला अंड्यापासून बाहेर यायला चोवीस दिवस लागतात आणि त्यानंतर वयात यायला आणखी बारा-चौदा. राणी ग्राफ्टिंगनंतर बाराव्या दिवशी निघते आणि पाच-सहा दिवसांनी उडते. म्हणजे नराचं अंडं ग्राफ्टिंगच्या किमान तीन आठवडे आधी पडलेलं पाहिजे. समजा १० फेब्रुवारीला ग्राफ्टिंग करायचंय. तर १५ जानेवारीच्या आत तीन-चार दणकट पेट्यांत नराच्या घरांची एकेक फ्रेम ब्रूडच्या कडेला लावा आणि त्या पेट्यांना पाक-पराग सुरू करा. थंडीत न खाऊ घालता फ्रेम लावली तर राणी त्यात अंडी घालत नाही, आणि घातली तरी माश्या ती खाऊन टाकतात. २० फेब्रुवारीला राणीघरं न्यूक्लियस पेट्यांत वाटायची, २२ च्या सुमारास राण्या बाहेर येतील, २७ पासून उडतील. तोवर नरही वयात आलेले असतील. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अंडी दिसली पाहिजेत.

तारखा पाठ नसतील तर एवढं बघा: नराच्या फ्रेममधल्या घरांतून नर बाहेर पडायला लागलेले दिसल्याशिवाय सुई हातात घेऊ नका.

नराच्या घरात व्हरोवा कोळी कामकरीच्या घरापेक्षा कितीतरी जास्त शिरतो, त्यामुळे या पेट्यांत कोळी जास्त असेल तर निघणारे नर दुबळे, हलके आणि अर्धवट पंखांचे असतात. नराची काही झाकलेली घरं उकरून कोष बाहेर काढा. पांढऱ्या कोषावर तपकिरी कोळी लगेच दिसतात. उपाय हंगामाच्या आधी करा. फ्लुव्हॅलिनेटसारख्या पट्ट्या राणीघरं वाढवणाऱ्या आणि नर वाढवणाऱ्या पेटीत त्या काळात नकोत. हे औषध मेणात मुरतं आणि राणीचं वजन व नराचं शुक्र दोन्ही बिघडवतं. जुनं काळं पोळं वितळवून त्याच मेणाच्या वाट्या बनवण्याची काटकसर याच कारणासाठी महागात पडते. वाटीसाठी झाकणांचं स्वच्छ मेण वापरा.

भावा-बहिणींच्या संकराने अळ्या नाहीशा कशा होतात, तेही सांगतो, कारण त्यावर फार गैरसमज आहेत. माशीचं लिंग एका जनुकाच्या जोडीवर ठरतं. जोडीतले दोन्ही भाग वेगळे असले तर मादी, एकच भाग असला तर नर. राणी आणि नर यांचा एक भाग सारखा निघाला तर त्या नरापासून झालेल्या अंड्यांपैकी निम्म्यांत दोन्ही भाग सारखे येतात. त्यांतून विचित्र, निरुपयोगी नर निघू पाहतो. कामकरी माश्या ही अळी अंड्यातून बाहेर येताच ओळखतात आणि खाऊन टाकतात. म्हणून अंडी पूर्ण आणि अळ्या विरळ. अशा वेळी मधपाळ राणीला ‘आळशी’ ठरवतो. ती आळशी नाही, तिला घरचीच माणसं भेटली.

यावर एकट्याने उपाय होत नाही. पाच-सात किलोमीटरच्या परिसरातल्या तीन-चार मधपाळांनी मिळून ठरवावं: एकाच्या उत्तम राणीपासून अळ्या घ्यायच्या, नराच्या फ्रेमा इतरांच्या पेट्यांत लावायच्या. राणी सहसा नरांपेक्षा लांब उडते, त्यामुळे नरांच्या पेट्या न्यूक्लियस पेट्यांपासून किलोमीटर-दोन किलोमीटरवर असल्या तरी चालतं, किंबहुना बरंच. दर दोन वर्षांनी बाहेरच्या चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या राण्या आणून मिसळा. एकाच विक्रेत्याकडून पन्नास राण्या घेतल्या तर त्या बहुधा सगळ्या बहिणी असतात, हे विसरू नका.

उडायला गेली आणि परत आलीच नाही

न्यूक्लियस पेट्या एकाच रंगाच्या, एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून ठेवल्या की परतणारी राणी शेजारच्या पेटीत शिरते आणि मारली जाते. तोंडं वेगवेगळ्या दिशांना करा, दारावर वेगळे आकार रंगवा, जवळ एखादं झुडूप किंवा दगड असू द्या. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यात. छोट्या पेटीचा मुंग्या एका रात्रीत फडशा पाडतात.

वेडा राघू तारांवर बसून येणारी-जाणारी माशी टिपतो, आणि राणी मोठी, संथ, त्यामुळे सोपी. विजेच्या तारांखाली किंवा धरण-नाल्याच्या काठच्या मातीच्या दरडीजवळ न्यूक्लियस पेट्या ठेवू नका, तिथे त्याची बिळं असतात. दाट झाडोऱ्यातली मोकळी जागा बरी.

फेब्रुवारी-मार्चमधली अवकाळी आणि गारपीट यांवर इलाज नाही. पण तारखा लिहून ठेवा. बाहेर आल्यापासून तीन आठवड्यांत अंड्यावर न आलेली राणी ठेवू नका. उशिरा अंड्यावर आली तरी ती बहुधा नरच घालते.

फवारणी

द्राक्षाला परागीभवनासाठी माशी लागत नाही, म्हणून बागाईतदार फवारताना माशीचा विचार करत नाही, आणि त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरपासून, बागेत सतत काहीतरी फवारलं जातं. माश्या तिथे पाणी प्यायला जातात. ठिबकच्या गळक्या सांध्यावर, ब्लोअरच्या टाकीखाली साचलेल्या डबक्यावर, पानांवरच्या दवावर. पेट्यांजवळ स्वतःचं पाणी ठेवा, उथळ, खडे टाकलेलं, आणि कधीही न आटणारं. एकदा माश्यांना बागेतल्या पाण्याची सवय लागली की ती मोडत नाही, म्हणून पेट्या नव्या जागी ठेवल्या त्याच दिवशी पाणी हवं.

टोमॅटो आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात वेगळा प्रकार होतो. नोवाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन यांसारखी औषधं किडीची वाढ रोखतात. मोठ्या माश्यांना काही होत नाही, दारात मेलेल्या माश्यांचा खच दिसत नाही, पण फवारलेल्या पिकाचा पराग खाऊन दाई माश्यांनी दिलेल्या राजान्नावर अळ्या कात टाकताना मरतात. वाट्या पहिल्या दिवशी घेतल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी रिकाम्या, आणि दाई माश्या भरपूर असतील तर आजूबाजूला काय फवारलं ते विचारा. राण्या काढण्याच्या पेट्या त्या महिन्यापुरत्या पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला हलवता आल्या तर उत्तम. कांदा बीजोत्पादनासाठी भाड्याने दिलेल्या पेट्यांतच राण्या काढू नयेत. फुलकिड्यांसाठी तिथे कधी फवारणी होईल ते तुमच्या हातात नसतं.

राणीघर आणि राणी हलवताना

झाकलेलं राणीघर ग्राफ्टिंगनंतर दहाव्या दिवशी हलवा, त्याआधी नाही. मधल्या काळात आतला कोष इतका नाजूक असतो की पट्टीला एक झटका बसला किंवा घर आडवं झालं तरी पंख आणि पाय चुरगळतात. उन्हात फ्रेमवर पाच मिनिटं ठेवलेलं घर वाया गेलं समजा. ब्रूडचं तापमान चौतीस-पस्तीस अंश असतं आणि राणीघराला तेवढंच हवं.

अंड्यावर आलेल्या राणीसाठी उष्णता आणखी घातक आहे, कारण तिच्या पोटातलं शुक्र मरतं आणि ती मात्र चालती-फिरती, देखणी राहते. चाळीस अंशांच्या वर एक-दोन तास गेले तरी नुकसान होतं, दहा अंशांखालीही होतं. मार्चनंतर एसटीच्या टपावर किंवा कुरिअरच्या टेम्पोत आलेली राणी म्हणूनच जोखमीची. मागवायचीच असेल तर रात्रीच्या प्रवासाने, सोबत कामकरी माश्या असलेल्या पिंजऱ्यात, खिशात किंवा सावलीच्या पिशवीत. गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही नाही.

राणीच्या पाठीवर वर्षाचा रंग लावा. २०२६ ला पांढरा, २०२७ ला पिवळा, २०२८ ला लाल, २०२९ ला हिरवा, २०३० ला निळा, हा जगभर चालणारा क्रम आहे. रंग नसेल तर सहा महिन्यांनी पेटीत दिसणारी राणी तुम्ही दिलेली की तिची मुलगी, हे सांगता येत नाही, आणि मग ‘माझी राणी वर्षभर टिकली’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

सातेरीसाठी

वरचं वेळापत्रक सातेरीला जसंच्या तसं लावू नका. तिची पेटी लहान, राजान्न कमी, आणि बिनराणी केली की कामकरी माश्या फार लवकर अंडी घालायला लागतात, त्यामुळे ती जास्त दिवस बिनराणी ठेवता येत नाही. वाटीही लहान लागते. एका वेळी पाच-सात राणीघरांवर समाधान मानावं. मी तर सातेरीला ग्राफ्टिंगच टाळतो. चांगल्या पेटीतल्या कोवळ्या अळ्यांच्या पोळ्याची खालची कड नागमोडी कापायची, बिनराणी केलेल्या भरल्या पेटीत ती फ्रेम द्यायची. माश्या कापलेल्या कडेवर राणीघरं बांधतात, ती पोळ्याच्या तुकड्यासकट कापून वाटायची. घर सोडण्याच्या हंगामात बांधलेली नैसर्गिक राणीघरंही सुंदर पोसलेली असतात, फक्त ती सतत उडून जाणाऱ्या, चिडक्या पेटीतली घेऊ नका, नाहीतर तोच गुण पुढे चालतो.

नरांची काळजी सातेरीला कमी. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरात रानटी वसाहती आहेत, आणि त्यांचे नर तुमच्या राणीला नात्यातले असण्याची शक्यता थोडी. थाई सॅकब्रूडची (अळ्या मारणाऱ्या विषाणूजन्य रोगाची) लागण झालेली पेटी मात्र राण्यांसाठी वापरू नका, पेटी कितीही मध देत असली तरी. त्या परिसरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडचं प्रशिक्षण आधी करावं. अळी उचलणं वाचून येत नाही, शेजारी बसून बघावं लागतं.

मेलिफेरावाल्यांनी फेब्रुवारीचा हंगाम हुकला तर एप्रिलमध्ये ओढाताण करण्यात अर्थ नाही. कडुलिंब, करंज, जांभूळ यांवर पेट्या मध भरतील, ते घ्या आणि राण्यांसाठी सप्टेंबरची तयारी करा. मक्याला तुरे आले की नराच्या फ्रेमा लावा, ऑक्टोबरच्या मध्यावर ग्राफ्टिंग करा. तेव्हा पेट्या अजून राजस्थानकडे निघालेल्या नसतात, आकाशात नर असतात, आणि त्या राण्या थंडीत शिरण्याआधी तपासून घ्यायला पुरेसा वेळ मिळतो.